दुसऱ्या बाजूवरचा टक्

लिहून ठेवणारा मी, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसायाने वृत्तपत्राचा बातमीदार आणि एकोणीस वर्षं दर रविवारी संगीतावर स्तंभ लिहिणारा, राहणार याच घरात, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तसा दाखला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांचा अधिकार दातांपुरता असला तरी ते मला वीस वर्षं ओळखतात. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मत्सराचा आहे, पण मत्सर ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नव्हे, असं वकीलबाईंनी सांगितलं.

याआधी मी एक मृत्युपत्र लिहिलं होतं. ते फाडलं आहे. का फाडलं, ते कलम सातमध्ये येईल. खरं सांगायचं तर हे सगळं लिखाण एका तबकडीसाठी आहे. बाकीचं जेवताना तोंडी सांगूनही भागलं असतं.

कलम १. राहतं घर, भांडीकुंडी, पुस्तकं आणि बँकेत जे काही असेल ते, सर्व पत्नीला. तिच्यामागे कन्येला. बँकेबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही. मी बातमीदार होतो.

कलम २. माझे संस्कृत कोश कन्येला आत्ताच. ती ते वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण जड आहेत, कशावर तरी ठेवायला उपयोगी पडतील. तबकडी आणि डिस्क, म्हणजे सीडी, यांच्या आवाजात फरक काय, हा माझ्या आयुष्याचा प्रश्न मी तिला एकदा तासभर समजावला होता. सगळं ऐकून, एका कानात फोनची बोंडली तशीच ठेवून ती म्हणाली, "पण बाबा, गाणं तेच आहे ना?" म्हणून तिला तबकड्या देत नाही.

कलम ३. जॅझच्या चारशे बारा तबकड्यांपैकी चारशे अकरा माझ्या मित्राला. तो ध्वनिमुद्रक आहे. आमच्या मंडळींत त्याला कानसेन म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, चेष्टेने. ते त्याला शोभून दिसलं, ही माझी चूक नव्हे.

त्याचे कान कसे आहेत, हे इथे नोंदवून ठेवणं भाग आहे. दोन खोल्या पलीकडून तो हाक मारून सांगतो, "सुई झिजलीय रे तुझी." मी स्पीकरच्या पुढ्यात बसलेला असतो, मला कळत नाही. डबल बासच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज त्याला ऐकू येतो. मी तो ऐकू आल्याचं लिहितो. 'उबदार', 'सजल', 'मृण्मय' अशी विशेषणं मी वापरत आलो. त्याने उभ्या जन्मात एकच विशेषण वापरलं: "छान." संस्कृतात मत्सराच्या जवळपास राहणारे बरेच शब्द आहेत. दुसऱ्याच्या गुणांत दोष काढतो त्याच्या विकाराला असूया म्हणतात. माझं दुखणं ते आहे. एकोणीस वर्षं मी ते स्तंभ म्हणून छापून आणलं.

आणि पत्नी. माझ्यासोबत ऐकताना तिसऱ्या मिनिटाला तिची मान डुलायला लागते. कानसेनच्या स्टुडिओत, त्याच्या डिस्का ऐकताना, ती संपूर्ण वेळ जागी असते. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

कलम ४. माझी आरामखुर्ची जिथे आहे तिथेच राहील. कानसेन घरी ऐकायला आल्यास त्याने स्टुलावर बसावं. स्टूल भक्कम आहे.

कलम ५. माझ्या स्तंभांची कात्रणं, आठ फायली, रद्दीत. एक कात्रण मात्र जपून ठेवावं, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे.

कलम ६. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी माझ्याच बैठकीच्या खोलीत मी एक परीक्षा ठेवली. टर्नटेबल आणि सीडीचं यंत्र यांच्यापुढे चादर टांगली. चादरीमागे कानसेन. पुढे खुर्चीत मी, शेजारी स्टुलावर पत्नी. कानसेनने सात रचना लावायच्या, काही तबकडीवरून, काही डिस्कवरून, आणि मी ओळखायचं. पहिल्या सहांपैकी तीन बरोबर आल्या, तीन चुकल्या. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी हाच निकाल लागला असता. हा आकडा मी स्तंभात दिला नाही. तो आज देत आहे.

सातवी रचना सुरू झाली. निळ्या वेष्टनातली माझी सर्वांत लाडकी तबकडी, दुसरी बाजू, तिसरी रचना, अगदी संथ. पियानो थांबतो, ड्रमवरचा ब्रश नुसता घासत राहतो, आणि ट्रंपेट सुरू होणार एवढ्यात माझ्या तबकडीवर एक टक् आहे. ओरखड्याचा. तो टक् आला आणि मी खुर्चीतून उठलोच. "ही तबकडी! माझी तबकडी! डिस्कवर हा श्वास येईल का?" असं मी टाळ्या वाजवत म्हणालो. चादरीची कड जराशी हलली. मग कानसेनचा आवाज आला: "बरोबर."

पुढच्या रविवारी मी लिहिलं की डिस्कचा आवाज हा औषधाच्या दुकानातला स्वच्छपणा आहे, आणि जे तबकड्या डिस्कवर उतरवतात ते संगीताची आंघोळ घालता घालता त्याची कातडीही उतरवतात. नाव घातलं नाही. गरजही नव्हती. त्या सुमारास रेडिओ केंद्राच्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या डिस्कवर उतरवण्याचं काम कानसेनला मिळायचं होतं. माझं कात्रण तिथल्या फळ्यावर टाचलं गेलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं. कानसेन त्या आठवड्यात घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "छान लिहिलंयस."

कलम ७. गेल्या महिन्यात, पहिल्या मृत्युपत्रासाठी घराचे कागद शोधताना, पत्नीच्या कपाटात एक डिस्क सापडली. बाजारातली नव्हे, तबकडीवरून उतरवून घेतलेली. तिच्यावर पत्नीच्या अक्षरात: 'दुसरी बाजू, तिसरी. टक् सकट.' खाली तारीख होती, त्या परीक्षेच्या दोन महिने आधीची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सीडी आहे," ती म्हणाली. "एवढी वर्षं त्यावर लिहिताय, ओळखत असाल."

"कोणी केली?"

"भाऊजींनी. तुम्ही दौऱ्यावर गेलात की आठ-आठ दिवस यायचा नाहीत. सुईला हात लावायची मला बंदी. मग मी काय, भिंती ऐकू?"

"आणि टक्? तो तर त्याला यंत्रावर पुसता आला असता."

"पुसतच होते ते. मी म्हटलं, राहू द्या. तो आमचा आहे."

इथे टक्ची हकीकत सांगायला हवी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हीच तबकडी ऐकत होतो. पत्नी डॉक्टरांकडून परतली ती धावतच, आणि आनंदाने तिने दार इतकं जोरात लोटलं की शेल्फ हादरलं आणि सुई उडाली. मी आधी ओरखडा पाहिला, त्यावर दहा मिनिटं बोललो, आणि मग ती काय सांगायला आली आहे ते विचारलं. ती कन्या येणार असल्याचं सांगायला आली होती. बातमीदाराने बातमीचा क्रम इतका चुकवू नये. सुईला हात लावायची बंदी मी त्याच दिवशी घातली.

ही हकीकत पत्नीने कानसेनला सांगितली होती. मला हे लागलं. ओरखडा माझा, बायको माझी, लेक माझी, आणि गोष्ट ऐकायला तो.

तारखेवरून सातव्या रचनेचा उलगडा मला झाला होता, म्हणून मी तडक त्याच्या स्टुडिओत गेलो. "परीक्षेत ती डिस्क का लावलीस?"

"अरे, गंमत म्हणून," तो म्हणाला. "तू 'डिस्क' म्हणशील, टक् ऐकून चक्रावशील, मग वहिनी सगळं सांगतील आणि आपण हसू, असं ठरलेलं. तू तर टाळ्याच वाजवायला लागलास. मी चादरीच्या फटीतून वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नको म्हणून."

"आणि ते रेडिओचं काम?"

"गेलं ते गेलं. तुझा चेहरा बघितला असतास तर तूही 'बरोबर'च म्हणाला असतास."

म्हणजे बारा वर्षं दोघांनी मिळून माझी लाज राखली. यापेक्षा त्यांनी दुसरं काहीही मिळून केलं असतं तरी मला कमी राग आला असता.

त्या रागाच्या भरात पहिलं मृत्युपत्र लिहिलं. त्यात चारशे बाराच्या चारशे बारा तबकड्या कानसेनला दिल्या होत्या, गौरवाच्या चार ओळींसह. आणि साक्षीदार म्हणून त्याचीच सही घेणार होतो. कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. दिलं तरी ते रद्द ठरतं. मी मेल्यावर त्याने यादी वाचावी, हात पुढे करावा, आणि स्वतःच्याच सहीने तो मागे घ्यावा, अशी माझी योजना होती. वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं, "हे मृत्युपत्र आहे की सापळा?" मी सापळा म्हणालो. मग कागद परत मागून घेतला.

कलम ८. म्हणून या मृत्युपत्रावर कानसेनची सही नाही, हे मुद्दाम नमूद करतो. चारशे अकरा तबकड्या त्याच्याच. त्याने त्या डिस्कवर उतरवाव्यात किंवा न उतरवाव्यात. जे टक् असतील ते पुसायचे की ठेवायचे, ते त्याच्या कानांनी ठरवावं.

कलम ९. निळ्या वेष्टनातली ती एक तबकडी, टर्नटेबल आणि सुईला हात लावण्याचा संपूर्ण अधिकार पत्नीला. हा अधिकार माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू. कपाटातली डिस्क तिला देत नाही, कारण ती माझी कधीच नव्हती.

कलम १०. माझ्या पश्चात छापण्यासाठी मी एक शेवटचा स्तंभ लिहून ठेवला होता. त्यात परीक्षेचे खरे आकडे आहेत, सातव्या रचनेचा खुलासा आहे, आणि रेडिओचं काम ज्याचं गेलं त्याचं नाव घेऊन मागितलेली माफी आहे. पत्नीने तो वाचला. "मेल्यावर कशाला?" ती म्हणाली. "रविवार दर आठवड्याला येतो." त्यामुळे तो मजकूर आज साक्षीदार क्रमांक दोन यांच्या हाती दिला आहे. येत्या रविवारी छापून येईल. त्यानंतर मी बाहेर कसा पडेन, याची तजवीज या मृत्युपत्रात नाही.

समाप्तीपूर्वी एक नोंद. ही नोंद लिहीत असताना, भर दुपारी, शेजारच्या खोलीत पत्नी आणि कानसेन बसले आहेत. त्याला चहाला मीच बोलावलं. आत्ता पियानो थांबला. ब्रश घासतो आहे. टक् आला. मग ट्रंपेट.

पत्नीने स्वतः सुई ठेवली की डिस्क लावली, हे मला इथून सांगता येत नाही. उठून बघायला गेलो नाही. ती जागी आहे एवढं मात्र कळतं, कारण टक् आला तेव्हा ती हसली.

दुरुस्ती : कलम चारमध्ये 'स्टुलावर' असं आहे तिथे 'खुर्चीत' असं वाचावं. खाडाखोडीशेजारी सही केली आहे. पाय मात्र त्याने खालीच ठेवावेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत केली. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही.

सही : लिहून ठेवणारा

साक्षीदार १ : खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : वृत्तपत्रातील मुद्रितशोधक बाई (सही, 'मृण्मय' हा शब्द याही वेळी काढावा अशी त्यांची सूचना होती, ती अमान्य)

ठिकाण : राहतं घर, मागची खोली, दार उघडं
दिनांक : चौदा मार्च दोन हजार चोवीस, गुरुवार