पहिली टाळी

१७ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, तीच माझ्यावर कुरकुरते. गॅरेजमध्ये कामं तुंबली आहेत, म्हणून परवा फोनवर फार बोललो नाही.

हे खरं नाही. कामं नेहमीच तुंबलेली असतात.

आई सांगत होती, शनिवारी तुझी रचना पुन्हा वाजवणार आहेत, पण तू तिची शेवटची जागा गाळतेयस. दोन व्हायोलिनं एका सुरावर असतात, मग एक जरासं सरकतं आणि दोन्ही एकमेकांना घासत राहतात, ती. "लोकांना ते सहन होत नाही गं, म्हणून तर मध्येच टाळ्या वाजवून मोकळे झाले," असं म्हणालीस म्हणे.

त्या दिवशी पहिल्या कार्यक्रमानंतर जिन्यात एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, ते सूर आता परत एक होणार म्हणून मी श्वास रोखून बसले होते. कोण गाढव टाळ्या पिटायला लागला कोण जाणे!" मीही मान डोलावली. वर म्हणालो, "लोकांना काही कळतच नाही हो."

ठमे, तो गाढव मी होतो.

गाडीतून घासल्याचा आवाज आला की मी आधी इंजिन बंद करतो, मग बॉनेट उघडतो. आयुष्यभराची खोड. ते सूर घासायला लागले. वाटलं, पोरीचं काहीतरी चुकलं, आता चारचौघांत शोभा होणार. झाकून टाकावं म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना वाटलं संपलं, तेही वाजवू लागले. सूर पुन्हा एक होण्याची ओढ लागावी म्हणून तू ते घासत ठेवले होतेस, हे मला त्या बाईंकडून कळलं. नंतर तू विचारलंस, "बाबा, सुरुवात कोणी केली, दिसलं का?" मी म्हणालो, "अंधार होता गं." तेव्हापासून मला माझीच लाज वाटते. आईलाही सांगितलेलं नाही.

ती जागा गाळू नकोस. लोकांना नकोशी झाली नव्हती. सगळं सभागृह वाट बघत होतं. तुझं चुकलं, असं एकट्या तुझ्या बापाला वाटलं.

शनिवारी मी यावं की नाही, ते तू ठरव.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
बाबा