खालून तिसरा दगड

दादा,

इटलीतल्या तुझ्या गावाचा फोटो मिळाला. खाली समुद्र, वर ऑलिव्हची झाडं, मधे तू पुन्हा रचलेला जुना दगडी बांध. चारशे वर्षांचा वारसा वाचवलास म्हणून तिथे तुझा सत्कार झाला म्हणे. सिमेंटाशिवाय बांध रचायला मलकापुरात आबांनी शिकवलं, हे सांगितलंस का?

आबांनी अंथरुणातूनच फोटो पाहिला. समुद्राकडे बघितलंही नाही. म्हणाले, "खालनं तिसरा दगूड उलटा बसलाय की. पावसात बांध फुगंल आन् ढासळंल. थोरल्याला सांग."

चौथ्या दिवशी ते गेले. तू व्हिडिओ कॉलवर हात जोडलेस.

त्यांचा निरोप शब्द न शब्द लिहिला आहे. पत्र मात्र टाकणार नाही. तुझ्या गावच्या पावसाचा अंदाज मी मोबाईलवर रोज बघतो.

तुझा धाकटा,
पिराजी