विकलेल्या निळ्या गाडीच्या मालकिणीचे मृत्युपत्र

मी, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, काचा घासण्यात उभा जन्म घालवलेली, यजमानांच्या पश्चात दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र लिहिते. मी जिवंत आहे. हे कोणी मृत्युपत्रात लिहीत नाही, पण गेल्या महिन्यात माझ्या घरच्यांनी मला एक अख्खी सकाळ मेलेली धरले होते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करते. माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वाकडे दिसले तर सांभाळून घ्यावे.

१. निळी गाडी. ही माझी मालमत्ता नाही. चष्मेवालीचेच डोळे अधू झाले, तेव्हा मी ती खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सबाईंना विकली. पैसे मिळाले, किल्ली दिली, कागद बदलायचे तेवढे राहिले. विसरून राहिले असते तर एक वेळ समजू शकले असते. माझा थोरला हिशेबी आहे. तो म्हणाला, "आई, इतकी वर्षं तू एकदाही क्लेम केला नाहीस, म्हणून विम्यात सूट मिळते. ती सूट तुझी आहे, गाडीची नाही. नाव बदललं की गेली. वर्ष संपेपर्यंत राहू दे की तुझ्याच नावावर, त्यांचाच फायदा आहे." नर्सबाई म्हणाल्या, "दादा म्हणताहेत तर राहू दे." मीही मान डोलावली. एकाच छपराखालचा व्यवहार, त्यात कागदाचे एवढे काय, असे आम्हा तिघांना वाटले.

त्या दिवशी सकाळी नर्सबाई रात्रीची ड्यूटी करून परत येत होत्या. वळणावर ट्रकने गाडी चेपली. पोलिसांना गाडीत विम्याचा कागद मिळाला, त्यावर माझे नाव आणि थोरल्याचा फोन नंबर. त्यांनी माझे नाव घेतले आणि अपघातात गेल्या म्हणून सांगितले. नाव ऐकल्यावर थोरल्याच्या डोक्यात बाकीचे शिरलेच नाही. ओळख पटवायला जावई धावले, त्यांचा निरोप दुपारपर्यंत आला नव्हता. मी दुकानामागच्या खोलीत मशीनवर काच घासत होते, आणि त्या आवाजात फोन ऐकू येत नाही.

जेवायला घरी आले तर दार सताड उघडे आणि बाहेर चपलांचा ढीग. थोरला माझ्या खुर्चीत डोके धरून बसलेला, धाकटी हमसून हमसून रडत होती, आणि शेजारच्या गल्लीतून आलेल्या वन्संच्या हातात माझे घड्याळ. मला पाहून धाकटीची बोबडीच वळली. वन्सं म्हणाल्या, "अगं, आठवण म्हणून घेत होते." नर्सबाईंची मुलगी ठमी शाळा बुडवून सगळ्यांना पाणी देत होती. आई अजून आली नाही म्हणजे डबल ड्यूटी लागली असेल, असे तिने धाकटीला सांगितले होते. तिचे डोळे सुजले होते. ती माझ्यासाठी रडत होती.

तिने ट्रे ठेवला आणि मला घट्ट मिठी मारली. "आजी, तुम्ही आहात," एवढेच म्हणाली. तेवढ्यात थोरला पुटपुटला, "पण पोलिस तर निळी गाडी म्हणाले." आणि तो ठमीकडे बघत राहिला. माझ्या पाठीवरचे तिचे हात सैल पडले. माझे डोके अजून त्या क्षणातून बाहेर आलेले नाही. भाजी चिरताना, काच घासताना मी त्याच दारात उभी असते.

२. विमा. मालक स्वतः गाडी चालवताना गेला तर घरच्यांना भरपाई मिळते. त्यासाठी मी ठमीला घेऊन कंपनीत गेले. तिथले साहेब भले होते, त्यांनी पाणी मागवले. मग म्हणाले, "बाई, पॉलिसीत मालक म्हणून नाव तुमचं आहे. आणि तुम्ही तर माझ्यासमोर बसला आहात." ठमीने माझा हात धरून मला बाहेर आणले, खरे तर मी तिला आणायला हवे होते.

३. घड्याळ वन्संना द्यावे. त्यांनी ते आधीच पसंत केले आहे. रोज मागे पडते, हे त्यांना सांगू नये.

४. काच घासायचे मशीन आणि भिंगांची पेटी बाजारातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याला. तो माझी गिऱ्हाइके पळवतो, पण काच चांगली घासतो.

५. दुकानाची स्कूटर धाकटीला. किल्ली हातात देण्याआधी नोंदणी आणि विमा दोन्ही तिच्या नावावर करून घ्यावे. सूट जात असेल तर खुशाल जाऊ द्यावी.

६. घराचा वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक धाकटीला. माझ्या आजारपणात तिने आणि जावयांनी कधी तोंड वाकडे केले नाही.

७. खालचा मजला. तिथे आता ठमी आणि तिला सांभाळायला आलेली तिची मावशी राहतात. मी भाडे घेत नाही. हा मजला मी थोरल्याला देते. यजमानांनी त्याला तसा शब्द दिला होता, तो मी मोडणार नाही. माझ्यामागे तिथे एखादे ऑफिस आणायचा त्याचा विचार आहे, आणि मग ठमीला जागा सोडावी लागेल, हे मला माहीत आहे.

मात्र माझ्या वकिलीणबाई सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, त्याचा हिस्सा रद्द होतो. रद्द झालेला हिस्सा ठमीला मिळावा. साक्षीदार म्हणून सही करायला मी थोरल्याला बोलावले आहे. त्याने नको म्हटले तर वकिलीणबाई स्वतः सही करतील, मजला त्याचा राहील आणि मी त्याला एका शब्दानेही बोलणार नाही. त्याच्यासाठी केलेला वाचायचा चष्मा कधीचा दुकानाच्या खणात पडून आहे, मला लागत नाही म्हणतो. तो या कागदावर ठेवते आहे. आधी वाच, बाबा, आणि मग काय ते कर.

वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले आणि दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: दुकानामागची खोली, मशीन बंद ठेवून.
दिनांक: नर्सबाई गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार.

सही: चष्मेवाली

साक्षीदार पहिला: वकिलीणबाईंचे कारकून. सही.

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा. सही. चष्मा लावून सगळे वाचले. आई, यासाठी तुझ्या जाण्याची वाट कशाला बघायची? उद्याच जाऊन ठमीच्या नावावर करू.