पाण्यातला तांब्याचा पंजा

अल-कुसैर, ६ एप्रिल १९९३

बसच्या पायरीवरून पडायला तुला हाच महिना सापडला होय? पाय मोडलास तू, आणि खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसले मी.

चि. रिहामला अनेक आशीर्वाद. वि. वि. माझे गुडघे दुखतात, म्हणजे अजून जिवंत आहे. प्लास्टरमध्ये सुई घालून खाजवू नकोस.

तुझे दोन समुद्री ससे बैठकीत काचेच्या टाकीत आहेत. खोली त्यांची, मी पाहुणी. तुझे आजोबा जन्मभर मासे आणायचे, पण ते निदान खाता तरी यायचे. या बिनहाडाच्या गोळ्यांसाठी मी खडकावरून शेवाळ खरवडून आणते. पंपाच्या तोंडाला तू सांगितलंस तसा पायमोजा बांधलाय, आत ओढले जात नाहीत.

आता काळजीचं. शनिवारी शेजारची उम्म शाहीन आली. टाकीला नाक लावून म्हणाली, बाई गं, केवढे हे गलेलठ्ठ! पुढे माशाअल्ला म्हणायला जीभ झडली तिची. मी लगेच आजोबांच्या होडीवरचा, नजर लागू नये म्हणून लावलेला तांब्याचा पंजा घासून टाकीत सोडला. तरी दुसऱ्या दिवसापासून दोघेही खाईनात. नजर भारी दिसते, म्हणून काल दुसराही पंजा सोडला. मोठा कोपऱ्यात कान आत ओढून पडलाय. आणखी काय करू?

बसवाल्या उस्ता जाबेरच्या हाती पाठवतेय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

तुझी आजी बदीआ


कैरो, ७ एप्रिल

ती. आजीस सलाम. वि. वि. पंजे काढ. पत्र खाली ठेव, पंजे काढ, मग पुढचं वाच.

नजर नाही गं ती. तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं, आणि माणसाला काही होत नाही इतक्यानेही हे जीव मरतात. तुला सांगायला हवं होतं, ते माझ्याकडूनच राहिलं. आता धक्क्याच्या पलीकडे, होड्या नसतात तिथलं पाणी प्लास्टिकच्या डब्यातून आण. दोघांना प्लास्टिकच्या टबात ठेव. जांभळा रंग सोडतील. सोडला की पाणी बदल, त्या रंगात त्यांनाच त्रास होतो. बुडाला घट्ट धरून राहिला तर आशा आहे. खाल्लं तर वाचला समज.

३० तारखेला कॉलेजातले सर टाकी बघायला तुझ्या घरी येणार. आठ महिने मी या दोघांच्या नोंदी ठेवल्या. एक तरी जिवंत दिसला नाही तर वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष शिकवणार नाही असं बाबांनी काल आईसमोर सांगून टाकलं. मला इथून उठता येत नाही, आजी. सगळं तुझ्या हातात आहे.

तुझीच,
रिहाम


अल-कुसैर, ९ एप्रिल

मोठा गेला. आधी तेच लिहिते, आशीर्वाद मागून.

तुझं पत्र यायच्या आधीच गेला होता. उचलला तर ओल्या फडक्यासारखा लोंबला. टाकून दिला नाही. तुझे ते सर विचारतील म्हणून लिंबाच्या लोणच्याची बरणी रिकामी करून स्पिरिटात ठेवलाय.

पंजे काढले तेव्हा हिरवे झाले होते. खरं सांगते, दुसरा पंजा हातात धरून मी क्षणभर थांबले. वाटलं, हा काढला आणि त्या बाईची नजर लागली तर? मग काढला. धाकट्याला टबात घेताना त्याने माझ्या हातावर जांभळं पाणी सोडलं. ते धुऊन जाईना. गल्लीत बायका विचारतात, हज्जा, ही मेंदी कुणाच्या लग्नाची?

दिवसातून चारदा पाणी बदलते. धक्क्याच्या पलीकडून, गुडघाभर पाण्यात उतरून. धाकटा बुडाला धरून आहे, पण खात नाही. टबाशेजारी चटई टाकलीय.

सांगायचं राहिलं म्हणतेस, ते स्वतःवर घेऊ नकोस. तू न सांगता मी काही पाण्यात टाकायचंच नव्हतं. चूक माझी. हे मी एकदाच लिहिते.

अनेक आशीर्वाद.

बदीआ


कैरो, १२ एप्रिल

ती. आईस सलाम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. रिहाम रागावलेली नाही, थकली आहे, म्हणून मी लिहितेय. तू स्वतःला जप, पाण्यात जाऊ नकोस. त्या प्राण्यांचं जे व्हायचं ते होईल.

तुझी मुलगी,
इनायत


अल-कुसैर, १५ एप्रिल

तुझ्या आईचं पत्र आलं. थकली आहे म्हणे! पाय मोडला की हात थकतात हे मला नवीन आहे. आणि जे व्हायचं ते होईल म्हणणारी माझ्याच पोटची.

चि. रिहामला आशीर्वाद. धाकटा आज सकाळी जेवला. शेवाळाचं टोक समोर धरलं, तर आधी दोन्ही कान वर काढले, मग शेळीसारखं ओढून घेतलं. माझ्या हातातून. दुपारी आणखी मागितलं. मी त्याच्यासमोरच बसून फूलच्या दाण्यांची उसळ आणि भाकरी खाल्ली, सहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर.

टाकी तीनदा धुतली, पण तिच्यावर माझा विश्वास नाही. तो टबातच राहील. तुझ्या सरांना टबापाशी बसवीन, पण आधी माशाअल्ला म्हणायला लावून. आणि दोन्ही पंजे उम्म शाहीनच्या दारावर ठोकून आले. नजर निघते तिथेच अडवावी.

अजून पंधरा दिवस आहेत. काय चुकतंय, काय नाही, मला कुणीतरी सांगायला हवं. रागावली असशील तर चार पानं शिव्या लिही, वाचेन. पण तूच लिही. इनायतच्या अक्षरातलं पाकीट आलं तर उस्ता जाबेरकडून न फोडता परत पाठवीन.

बदीआ