भैरवगढच्या त्रेचाळीस ठप्प्यांविषयी आणि माझ्या बाकीच्या चीजवस्तूंविषयी

मी, देवश्री यज्ञेश्वर पागनीस, वय ४६, शिक्षण एम.कॉम., धंदा छापील चादरींची खरेदी-विक्री, राहणार माधव नगर, उज्जैन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे, डोकं जागेवर आहे, आणि कुणी माझा हात धरलेला नाही. मरण्याची घाईही नाही. गेल्या वर्षीच्या वादानंतर एवढं कळलं की आपण कोण आणि समोरचा कोण, हे आपण लिहून ठेवलं नाही तर दुसरे लिहितात.

१. माधव नगरचा फ्लॅट माझ्या पश्चात माझी आई, माई, हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहील. नंतर तो माझी भाची गौरी हिचा. बँकेतल्या ठेवीही गौरीच्या. माईच्या खोलीतला मोठा आवाजाचा टीव्ही कुणीही बंद करायचा नाही. मी वीस वर्षं प्रयत्न करून पाहिला आहे.

२. टॉवर चौकातलं दुकान भाड्याचं आहे. आतला माल गौरीचा. तिला धंदा करायचा असेल तर आनंदच आहे, नसेल तर मला वाईट वाटणार नाही. (वाटेल. पण तिने ते मनावर घेऊ नये.) अट एकच. भैरवगढला ठप्प्यांनी चादरी छापणाऱ्या शैलादीदींचा माल तिने त्या सांगतील त्या किमतीला, रोख विकत घ्यावा, आणि 'आमचं भैरवगढचं वर्कशॉप' असं कुठेही छापू नये. ते आमचं नाही. याचं कारण पुढे लिहिते, कारण त्यात माझा अपराध आहे.

इंदूरच्या एका हॉटेलने माझ्याकडून दीदींनी छापलेल्या तीनशे चादरी घेतल्या. पहिल्याच धुण्यात साठ चादरींचा रंग उतरला आणि भरपाईची नोटीस आली. माझा थोरला भाऊ, अनिलदादा, फोनवर म्हणाला, "अगं, कशाला फालतू टेंशन घेतेस? लिही की मी फक्त एजंट, माल छापणारीचा. जबाबदारी तिची. तू मोकळी!"

मी नोटिशीच्या उत्तरात तसं लिहिलं आणि सही केली. चादरी गार पाण्यात धुवा, हे सांगणाऱ्या छापील चिठ्ठ्या माझ्याच दुकानाच्या खणात राहिल्या होत्या, हे मला तेव्हा माहीत होतं.

आठवड्याने हॉटेलची नोटीस हातात घेऊन शैलादीदी घरी आल्या. रडतील, भांडतील, म्हणून मी दारातच उभी राहिले. त्या सोफ्यावर ऐसपैस बसल्या.

"मतलब तुम मेरी एजंट, और मैं तुम्हारी मालकिन?"

"कागदावर तसं झालंय, दीदी."

"तो एजंट, चाय लाओ. अदरक डालके."

माई हसून हसून लाल झाली. मी चहा केला. आलं कमी पडलं म्हणून मालकिणीने परत पाठवला. दुसऱ्या कपानंतर मात्र त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, चार लोग काम करते हैं मेरे यहाँ. इतना पैसा मैं कहाँ से भरूँगी?" दुसऱ्या दिवशी मी ते उत्तर मागे घेतलं.

लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. हॉटेलच्या वकिलांनी आता नवीन सूर लावला: मग शैलाबाई यांच्या नोकर असतील, ठप्पेसुद्धा यांचेच आहेत. न्यायाधीशांनी मला विचारलं, "रंग आणि नक्षी कोण ठरवतं?"

"मी सांगते."

"आणि त्या ऐकतात?"

मी अकरा वर्षांच्या डायऱ्या पुढे केल्या. त्यांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं: "३ जुलै. किनार निळी सांगितली होती, दीदींनी लाल केली. म्हणे नीली जमेगी नहीं. लाल छान दिसते, पण हे मी त्यांना सांगणार नाही." मागच्या खुर्चीवरून दीदींचा आवाज आला, "आज पता चला!" न्यायाधीश पुढे वाचत गेले. पानोपानी दीदींनी माझं न ऐकल्याची तक्रार. अखेर ते म्हणाले, "ही नोकर असती तर तुम्ही पहिल्याच वर्षी काढून टाकली असती."

निकाल असा: मी स्वतःच्या पैशाने माल घेते, माझ्या किमतीने विकते, म्हणून हॉटेलशी व्यवहार माझाच, दीदी आपल्या कामाच्या स्वतः धनी, त्यांचा यात संबंध नाही. साठ चादरी मी परत घेतल्या. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी हरले नव्हते. उत्तर मागे घेतलं तो माझा चांगुलपणा होता की मलाही कुणाची एजंट म्हणवून घ्यायचं नव्हतं, हे डायरीत तीनदा तपासलं. निर्णय झाला नाही.

३. त्या साठ फिक्या चादरींपैकी चोवीस अनिलदादाला. त्याने आणि सुमनवहिनीने पाहुण्यांसाठी त्याच अंथराव्यात आणि कुणी विचारलं तर कारण सांगावं. राग गेला आहे. चादरी तेवढ्या उरल्या आहेत.

४. डायऱ्या गौरीला. माझ्याबद्दलचं काहीही वाचावं. तिच्याबद्दलचं २०१९ सालचं वाचू नये.

५. सागवानाचे त्रेचाळीस ठप्पे मी पैसे देऊन कोरून घेतलेले. ते या कलमाने शैलादीदींना द्यायचं ठरवलं होतं. पण साक्षीदार म्हणूनही मला त्याच हव्या होत्या. शेजारचे डॉ. केदार म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला न बसलेलं बरं. दीदी लगेच म्हणाल्या, "ठप्पे रखो अपने पास. गवाही मैं ही दूँगी."

म्हणून ठप्पे मी आजच, जिवंतपणी, बक्षीसपत्राने त्यांना देऊन टाकले. त्यामुळे या मृत्युपत्रात त्यांना काहीही मिळत नाही, याचा मला फार आनंद आहे.

हे सर्व वाचून, पुन्हा वाचून, दोन ठिकाणी लाज वाटूनही काही न खोडता, मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. अंमलबजावणी गौरीने करावी.

ठिकाण: उज्जैन
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) देवश्री यज्ञेश्वर पागनीस

साक्षीदार १: (सही) डॉ. केदार मुळ्ये, माधव नगर

साक्षीदार २: (सही) शैला छीपा, भैरवगढ. धंदा: खुद का.

(दीदींची सही मी पेन्सिलीने खूण केलेल्या जागी नाही. वर, समासात, लाल शाईने. तिथेच चांगली दिसते. — दे.)