चष्मा कोण पुसणार?

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

मी नाही म्हणालो होतो. तरीही तो शिट्टी टेबलावर ठेवून गेला.

गौरीशंकर — आपल्या माकणीच्या फुटबॉल स्पर्धेचा सचिव, खतांचे दुकान चालवतो, एके काळचा माझा विद्यार्थी. म्हणाला, "सर, तुमच्याबिगर पंच कोण हाय? दुसरा आणला तर बेंबळीवाले म्हणतेत माकणीनं बसवला, आन आपली पोरं म्हणतेत बेंबळीनं फितवला." यात असत्य काही नाही. मी माकणीचा मुलगा आणि बेंबळीचा जावई. दोन्ही गावांना माझा सारखाच संशय येतो, म्हणूनच मी दोन्ही गावांना चालतो.

मी सांगितले, पत्नीला जाऊन अजून वर्षही झालेले नाही. तो म्हणाला, "काकू असत्या तर त्यांनीच ढकलून धाडलं असतं."



प्रेमा प्रत्येक स्पर्धेला येई. परंतु माझ्या गावाच्या बाजूस ती कधीच बसली नाही. कडुनिंबाखाली बेंबळीच्या बायका बसत, तिथे तिची जागा. पंचाच्या पत्नीने एका पक्षात बसणे शोभत नाही, असे मी लग्नानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत तिला सुचवून पाहिले. "पंच तुमी. मी कशाला? मी बेंबळीची!" मी बेंबळीविरुद्ध निर्णय दिला की सर्वांत आधी तीच उठायची — "ओ दाजी! चष्मा पुसा!" स्वतःच्या नवऱ्याला दाजी! मग सारी बेंबळी तिच्यामागून ओरडायची. आणि मध्यंतरात हीच बाई रेषेपाशी येऊन हात पुढे करी. मी चष्मा देई. ती काचांवर फुंकर घाली, पदराने पुसे, उजेडाकडे धरून पाही आणि एक अक्षरही न बोलता परत देई. उत्तरार्धात पुन्हा ओरडायला मोकळी!

शिट्टी अजून टेबलावरच आहे.

१८ जानेवारी, शनिवार

गेलो. घराबाहेर उभे राहायला कुठेतरी जागा हवी, एवढेच कारण.

पहिला सामना बेंबळी आणि येरमाळा. सात-सात जणांचा खेळ, लहान मैदान. या वयातही धावणे जमते. बेंबळीचा गोलरक्षक अमरनाथ अतिशय चपळ आहे. आमच्या गावची काही टवाळ मंडळी नेमकी त्याच्या गोलामागे जाऊन बसली. प्रथम नेहमीचेच — "अमऱ्या, हाताला तूप लावलंय का?" तोही हसत होता. मग सुरू झाले: "बाप कुठं?" — "गुत्त्यावर!" "बाप कुठं?" — "गटारात!" त्याचे वडील पितात, हे सर्वांस ठाऊक आहे. ते प्रेक्षकांत होते. उठून निघून गेले. अमरनाथचे हसणे कुठे थांबले, ते मी पाहिले. त्यानंतरचा साधा चेंडू त्याच्या पायांमधून गेला.

मी खेळ थांबवून त्या मंडळींना मैदानाबाहेर जाण्यास सांगितले. गौरीशंकर धावत आला. "सर, मजा हाय ही! मॅच म्हणल्यावर एवढं चालतंच की. मनाला लावून घेयाचं न्हाय." मी विचारले, कोणी घ्यायचे नाही? तो हसला. मंडळी दहा पावले मागे सरकून पुन्हा बसली.

सामन्यानंतर बंडप्पा भेटला — प्रेमाचा धाकटा भाऊ, बेंबळीच्या संघाचा व्यवस्थापक. "नमस्कार, सर." मान खाली. पूर्वी हाच गृहस्थ भर बाजारात माझी टोपी पळवत असे! वेळ अमावस्येच्या शेतपूजेलाही तसेच झाले. दरवर्षी आमच्या शेतात भज्जीची मिसळभाजी खाता खाता, आंबवलेल्या आंबिलीचा पेला तोंडाला लावून म्हणायचा, "दाजी, गेल्या सालचा पेनल्टी आंबील पिऊन दिला व्हता का?" यंदा आला, बहिणीच्या समाधीवर फूल ठेवले, पाहुण्यासारखा जेवला आणि "सर, येतो" म्हणून गेला.

लग्न झाल्यापासून बेंबळीतले लहानथोर मला दाजी म्हणत. तिला मातीत ठेवले त्या दिवसापासून मी सर झालो. हा आदर आहे. मला कळते. तरीही.

१९ जानेवारी, रविवार

माकणी आणि बेंबळी. बरोबरी, एक-एक.

आमचा एकमेव गोल पेनल्टीवर झाला. बेंबळीच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, असे मला दिसले. मी शिट्टी वाजवली. आवाज उठणार हे गृहीत धरूनच मी पाठ फिरवली होती. आवाज उठला नाही. कडुनिंबाखालून फक्त एका बाईचा स्वर आला, तोही कापरा —

"ओ दाजी… चष्मा कोण पुसणार?"

मग बेंबळीच्या तरुणांनी ते उचलले. टाळ्यांच्या ठेक्यावर! "दाजी, दाजी! चष्मा कोण पुसणार? दाजी, दाजी! कोण पुसणार?" पन्नास-साठ जण असावेत. हसत होते. एक जण तर डोळे पुसण्याची नक्कल करत होता.

मी चेंडू ठिपक्यावर ठेवला. शिट्टी वाजवली. गोल झाला. आमची पोरे दगड घेऊन त्यांच्याकडे धावली. पोलीस पाटील मध्ये पडले म्हणून निभावले.

वाईट याचे वाटते की काचा खरोखरच मळलेल्या होत्या.

२० जानेवारी, सोमवार

स्वयंपाक केला नाही. भूकही नव्हती.

२१ जानेवारी, मंगळवार

गौरीशंकर लेखी तक्रार तयार करूनच आला. पंचांच्या दिवंगत पत्नीचा उल्लेख करून अश्लाघ्य घोषणा दिल्याबद्दल बेंबळीचा संघ रविवारच्या अंतिम सामन्यातून बाद करावा आणि पुढे कायमचा स्पर्धेबाहेर ठेवावा. खाली माझे नाव. फक्त सही हवी.

"सर, तुमचा अपमान म्हंजी गावाचा अपमान. मेलेल्या माणसावर जातेत म्हंजी काय! काय लिमिट हाय का न्हाय?"

मी म्हणालो, शनिवारी जिवंत माणसावर गेले होते. अमरनाथच्या वडिलांवर.

"ते येगळं हो, सर."

वेगळे कसे, ते त्याला सांगता आले नाही. खरे म्हणजे मलाही चटकन सांगता आले नसते. माझ्यावर बेतेपर्यंत मीसुद्धा खेळ थांबवून पुन्हा सुरूच केला होता. तरी सही करावीशी वाटते आहे — हे इथे लिहायला हरकत नाही. रागाने नव्हे. थकव्याने. सही केली की बेंबळीचे येणे संपेल आणि कोणी कडुनिंबाखाली बसणार नाही. मला त्या दिशेने पाहावे लागणार नाही.

पण बेंबळी तुटली, तर प्रेमाचे म्हणून काय उरते?

२२ जानेवारी, बुधवार

मुलीचा, शिवप्रियाचा, पुण्याहून फोन. तिला कोणीतरी मोबाइलवर रविवारची चित्रफीत पाठवली होती. आधी रडली, मग चिडली. "अप्पा, सही करून टाका!"

नंतर स्वतःच सांगू लागली. ती रात्री जागून परदेशातले सामने पाहते. तिकडे म्हणे काळ्या खेळाडूच्या पायात चेंडू आला की हजारो लोक माकडाचे आवाज काढतात. विमान अपघातात गेलेल्या खेळाडूंवरसुद्धा गाणी म्हणतात. "आणि पकडले की म्हणतात, ही तर थट्टा आहे, आमची परंपरा आहे. अप्पा, तुम्ही गुळगुळीत निर्णय देऊ नका."

मी विचारले, आईने माझ्यावर ओरडणे तुला कसे वाटायचे?

"ते वेगळं!"

सगळेच म्हणतात, ते वेगळे. मग तीच म्हणाली, "आई ओरडायची आणि मग जवळ येऊन पुसायची ना. ज्याला नंतर जवळ यायचं आहे, तो जपून ओरडतो."

हे ती कुठे शिकली? माझ्याकडून तर नव्हे.

२३ जानेवारी, गुरुवार

बंडप्पा सकाळीच आला. अंगणात उभा. बस म्हटले तरी बसेना. चहा थंड झाला.

"सर, तुमी सही करा. आमची चूक हाय."

मी विचारले, पहिला आवाज कोणाचा होता? त्याने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"लक्ष्मम्माचा."

त्याची पत्नी! प्रेमाची भावजय. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात प्रेमाची वेणी घालायला जी रोज यायची, ती.

"चार दिस नीट जेवली न्हाय, सर. म्हणती, माझ्या तोंडाला आग लागो. तिला तसं म्हणायचं नव्हतं. दरसाली अक्का उठायची, पयली हाळी तिची. औंदा तुमी शिट्टी मारली, आन कुणीच उठंना. समदी बाया-पोरं एकमेकांकडं बघाय लागली. मग ही उठली. अक्काचं म्हणून उठली! ‘ओ दाजी’ म्हणली, आन तुमी आमच्याकडं पाठ करून हुबे. पुढचं ‘पुसा’ म्हणायला तोंडच वळंना तिचं. जे पोटात व्हतं ते निघालं." त्याने उपरण्याने तोंड पुसले. "पोरांना काय कळतंय? त्यांनी टाळ्या धरल्या. ही दोन्ही हातांनी गप करत व्हती त्यांना. कोण ऐकतंय!"

मला ते दिसले नव्हते. मी चेंडू ठिपक्यावर ठेवत होतो.

म्हणजे तेच शब्द. एका तोंडून रडणे होते, पन्नास तोंडांतून शिवी झाली. नियमावलीत हे कोणत्या कलमात बसवावे?

जाताना मी त्याला म्हणालो, लक्ष्मम्माला जेवायला सांग. "व्हय, सर," म्हणाला. सर! त्या घोषणेत निदान दाजी तरी होते.

२४ जानेवारी, शुक्रवार

तक्रार सही न करता परत केली. नक्कल करणाऱ्या तरुणाने आणि गोलामागच्या आमच्या मंडळींनी रविवारी मैदानावर यायचे नाही, एवढे लिहून दिले. दोन्हीकडे समान न्याय.

गौरीशंकर नाराज झाला. "गाव ऐकायचं न्हाय, सर. मग एक अट घाला. बेंबळीकडनं एक शबूद जरी निघाला, तरी संघ जागेवर बाद." मी म्हटले, अट दोन्ही गावांना लागू करा. त्याने मानले. प्रेक्षकांनी केवळ टाळ्या वाजवाव्यात. पंच वा खेळाडू यांस उद्देशून काहीही बोलू नये. मसुदा मीच केला. वाक्ये निर्दोष आहेत.

प्रेमा वाचून म्हणाली असती — हे सामन्याचं हाय का सुतकाचं?

२५ जानेवारी, शनिवार

चष्मा साबणाने धुतला, टॉवेलने पुसला, मग रुमालाने. ओरखड्यासारखे धुरकट पट्टे राहतातच. ती नेमके काय करायची?

२६ जानेवारी, रविवार

आज मी जाणूनबुजून चुकीचा निर्णय दिला.

झेंडावंदनानंतर माकणी-बेंबळी अंतिम सामना. दोन्ही गावे लोटली होती आणि कोणी बोलत नव्हते. चेंडूवर पाय पडल्याचे आवाज ऐकू येत होते! मध्यंतरात सवयीने रेषेपाशी जाऊन उभा राहिलो. कोणीही आले नाही. कडुनिंबाखाली लक्ष्मम्मा तोंडाला पदर लावून बसलेली. उत्तरार्धात बेंबळीविरुद्ध दोन निर्णय दिले. शुकशुकाट. प्रेमाला मातीत ठेवले तेव्हासुद्धा इतकी शांतता नव्हती.

मग आमच्या खेळाडूच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला — मैदानाच्या मध्यावर, कोणाचे काही बिघडणार नाही अशा जागी, कडुनिंबासमोर. आंधळ्यालाही दिसले असते. मी शिट्टी वाजवली आणि चेंडू माकणीला दिला. या वेळी पाठ फिरवली नाही. त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

लक्ष्मम्मा उठली. तोंडावरचा पदर बाजूला केला. आणि मग —

"ओ दाजी! चष्मा पुसा!"

सारी बेंबळी उठली. बंडप्पाचा आवाज सर्वांत मोठा — "दाजी, आंबील पिऊन आलाव काय!" गौरीशंकर मैदानात धावत आला. "सर, ऐकलं का? अट मोडली! संघ बाद करा!"

मी म्हणालो, मला काहीही ऐकू आले नाही.

चष्मा काढला. काचांवर फुंकर घातली, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला. डोळ्यांवर चढवला आणि चेंडू बेंबळीला दिला.