ग्वांगजूला न्यायची मतया

साउन १८, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. मोठे कलावंत लिहितात.
नेपाळातलं आमचं पाटणचं आर्ट सेंटर आणि कोरियातलं ग्वांगजूचं सेंटर यांची अदलाबदल ठरलीय. त्यांची एक कलावंत इकडे, आमचा एक तिकडे. आमचा एक म्हणजे मीच. जाहीर व्हायचंय, पण दुसरं आहे कोण? त्यांच्या पाहुणीला राहायला मी आपणहून आईची खोली दिली. फागुनात आई गेल्यापासून रिकामीच होती.

साउन २०
पाहुणी आली. हे-रिन. नेपाळी तोडकंमोडकं, पण बिनधास्त बोलते.

साउन २१
हे-रिननं विचारलं, पहाटे चपला फरफटत जिन्यानं वर स्वयंपाकघरात कोण जातं? म्हटलं, उंदीर. उंदीर चहाचं भांडं कसा वाजवेल, म्हणाली. म्हटलं, पाटणचे उंदीर आहेत, काहीही करतील. उद्या पिंजरा आणायचा.

साउन २२
पिंजरा आणला नाही. दुकान उघडं होतं, पण मालक पेंगत होता. पेंगणाऱ्याला उठवू नये.

साउन २५
प्रपोजल पूर्ण! कोरियनांना समजेल असं लिहिलंय: 'घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी मतयाच्या दिवशी घरच्यांनी अनवाणी निघायचं, पाटणच्या प्रत्येक चैत्यापाशी दिवा लावायचा. त्या उजेडात गेलेल्याला पुढची वाट सापडते.' तेच मी ग्वांगजूच्या गॅलरीत करणार. सगळीकडे दिवे, मधून मी अनवाणी, हातात आईचा फोटो. लिहिताना डोळे भरून आले. प्रपोजल चांगलं उतरल्याची खूण.

साउन २८
थोरली बहीण आली. तता म्हणतो मी तिला. भदौ पाचला मतया आहे, पहाटे चौकात उभा राहा, म्हणाली. समजावलं की मी हेच काम आंतरराष्ट्रीय पातळीवर करतोय, आधी इथे केलं तर त्यातला ताजेपणा जाईल.
तता म्हणाली, "आई काय कोरियाहून जाणार आहे?"
कलेतलं तिला कळत नाही.

साउन ३१
हे-रिन दाराशी भाताची वाटी ठेवते. त्यांच्याकडेही गेलेल्यांना जेवायला वाढतात म्हणे. म्हणाली, एक म्हातारी खिडकीशी बसते, खोकते, जिन्याकडे बघत राहते. घाबरलीस का, विचारलं. म्हणाली, मी नाही, तीच घाबरलेली वाटते. मी म्हटलं, खोलीला ओल आहे, माणसाला भास होतात.

भदौ २
ओल तपासायला पहाटे जिन्यात बसलो. चपला आल्या. माझ्यापाशी थांबल्या. मग अंग चोरून बाजूनं वर गेल्या. मोहरीच्या तेलाचा वास आला. ओलीला येतो कधीकधी. बराच वेळ तिथंच बसलो. बरं वाटलं.

भदौ ३
ठरलं. चालायचं. तताला कळवलं. पायांना तेल चोळलं.

भदौ ४
डावी टाच दुखतेय. संध्याकाळी उजवी. डॉक्टरकडे जावं, पण टाच दुखत असताना जाणार कसं?
नवा विचार: खिडकीतून शूटिंग करायचं. कोणीतरी लांबून बघणारा हवाच.

भदौ ५, मतया
रांग आमच्या चौकातल्या चैत्यापाशी आली. तता पुढं, छातीशी आईचा फोटो. मागं हे-रिन, अनवाणी, तांदूळ वाहतेय, दिवा लावतेय. फ्रेम सुंदर. तता वाकली, उठली, वर बघितलं. मी हात केला. तिनं केला नाही, हातात फोटो होता.
रांगेत सुर्जमायादिदी होत्या, आमच्या सेंटरच्या प्रमुख. त्यांचे यजमान यंदाच गेले. त्यांनीही मला खिडकीत पाहिलं. बरंच झालं, माझी मेहनत दिसली.

भदौ ६
पहाटे जिन्यात बसलो होतो. काही ऐकू आलं नाही. डुलकी लागली असणार.
दुपारी सेंटरमध्ये बोलावलं. नवा शर्ट घालून गेलो. सुर्जमायादिदी म्हणाल्या, "आईसाठी दोन जिने उतरला नाहीस, रत्नमुनी. तिकडे कुणासाठी चालणार?" टाचेचं सांगितलं. कोणती, म्हणाल्या. चटकन आठवेना.
ग्वांगजूला मातीकाम करणारा बिजेन जाणार. जाऊ दे. तिकडचं जेवण मला मानवलं नसतं.

भदौ ७, सकाळ
आज डोळा लागू दिला नाही. चहा पिऊन बसलो होतो. उजाडलं, खाली दूधवाला येऊन गेला. जिन्यानं कोणी वर गेलं नाही.
हे-रिनला विचारलं. म्हणाली, दोन दिवस शांत झोप लागते. मला ऐकून आनंद होईल असं तिला वाटलं.
टाच दुखत नव्हती. कोरियाचंही काही नव्हतं. दिवे लागले की आईला वाट सापडणार, सापडली की ती जाणार, म्हणून मी घराबाहेर पडलो नाही. मी चाललो नाही तर ती थांबेल असं वाटलं होतं.
परवा सबंध दिवस मी घरातच होतो. मला न सांगता गेली.